कातडी लावायची वेळ आली तर… (आईच्या भाजलेल्या हाताचं एक वर्ष)

मोगरा_कऱ्हाड | ११ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मागच्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे बंबातलं पाणी काढताना आईचा पाय घसरला आणि कढत पाणी डाव्या हातावर, दंडाच्या खालपासून मनगटापर्यंत. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता, तो पाणी पिऊन हाताला तसाच चिकटून बसला आणि आम्ही तो काढायच्या आधी नुसते ओरडत राहिलो. मग शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट आणली आणि मी माझ्या हाताने ती आईला लावली. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. तेव्हा पहिली गोष्ट, कुणाच्याही घरी असं झालं तर कपडा आणि बांगड्या लगेच काढा आणि नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. बर्फ नको, हळद नको, शाई नको, पेस्ट तर नकोच, कारण नंतर डॉक्टरला जखम किती खोल आहे तेच दिसत नाही.

पण धागा काढला तो पुढच्या गोष्टीसाठी. जवळच्याच एका दवाखान्यात दिवसाआड मलमपट्टी सुरू झाली. मनगटाकडचं भरत आलं, पण कोपराच्या आतल्या घडीत आईच्या तळहाताएवढा भाग तसाच लालबुंद आणि ओला राहिला. भरतंय, वयामुळे वेळ लागतो, असं दर वेळी सांगायचे. खरं सांगायचं तर आम्हालाही तेच ऐकायचं होतं, कारण 'कातडी लावतात' हे शब्द आमच्या घरात फार भीतीचे होते, मांडी सोलतात वगैरे असं लहानपणापासून ऐकलेलं. यात ३६ दिवस गेले. आईला हात दुमडून पोटाशी धरला की बरं वाटायचं म्हणून ती दिवसरात्र तसाच धरायची आणि आम्ही वर खाली उशा देऊन तो तसाच ठेवायला मदत करत होतो.

शेवटी पुण्याला एका प्लॅस्टिक सर्जनकडे नेलं. त्यांनी पट्टी सोडून पाहिलं आणि एकच विचारलं, किती दिवस झाले. मग म्हणाले, भाजलेली जखम दोन आठवड्यांत भरली तर सहसा फारसा डाग राहत नाही, तीन आठवड्यांतही भरली नाही तर ती खोल आहे असं समजायचं, मग वाट बघत बसलं तर कडेकडेने आकसत भरते, जाड वण येतो आणि सांधा बांधला जातो. तोपर्यंत आईचा कोपर पूर्ण सरळ होतच नव्हता.

ऑपरेशन झालं. मांडीची जी कातडी काढतात ती पूर्ण जाडीची नसते हो! कांद्याचा पापुद्रा असतो ना, तसा वरचा पातळ थर घेतात. खालचा थर, केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी मांडीतच राहतात आणि त्यांच्यातूनच नवीन कातडी उगवून मांडी आपोआप भरते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर आम्ही तीन आठवड्यांतच गेलो असतो. म्हणून हे लिहितेय. कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर दिवस मोजा, आणि तीन आठवड्यांपर्यंतही थांबू नका, दोन आठवड्यांत भरायची लक्षणं दिसत नसतील तर प्लॅस्टिक सर्जनला दाखवा.

बाकी अनुभव विचाराल तसा सांगते.

रानजाई | ११ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मोगराताई, वाचून अंगावर काटा आला. काकू आता कशा आहेत? आणि मांडी किती दुखते खरंच? आमच्या जाऊबाईंना सांगितलंय ग्राफ्टिंगचं, म्हणजे हेच कातडी लावायचं, त्या मांडीलाच घाबरल्यात.

मोगरा_कऱ्हाड | ११ नोव्हेंबर, रात्री ११:३०

आई ठीक आहे. मांडी दुखते, खोटं सांगणार नाही. आई म्हणायची हातापेक्षा मांडीच जास्त जळजळते. डांबरी रस्त्यावर पडून खरचटल्यावर जशी आग होते तशी, पण वीतभर जागेत. पहिले चार पाच दिवस जास्त, मग कमी होत गेलं. गोळ्या वेळेवर द्यायच्या, सहन करत बसायला लावायचं नाही. आणि मांडीचं आतलं ड्रेसिंग ओढून काढायचं नाही कुणीही!! ते चिकटून बसतं आणि खाली भरलं की स्वतःहून कडा सोडतं. आईचं १५व्या दिवशी सुटलं, खाली गुलाबी कोवळी कातडी.

ओटी_सिस्टर | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मी बर्न्स वॉर्डात आणि ओटीत (ऑपरेशन थेटरात) मिळून बरीच वर्षं काढली आहेत म्हणून थोडं लिहिते. मोगराने बरोबर सांगितलंय. कातडी काढायला लांब पात्याची सुरी असते नाहीतर डरमॅटोम नावाचं मशीन. जागा मोठी असेल तर ती कातडी प्लॅस्टिकच्या पट्टीवर पसरून छोट्या रोलरच्या मशीनमधून फिरवतात, तिला बारीक बारीक चिरा पडतात आणि ताणली की जाळी होते. म्हणजे थोड्या कातडीत जास्त जागा झाकते. पण जाळीचा दुसरा फायदा त्याहून मोठा, खाली साठणारं रक्त आणि पाणी भोकांतून बाहेर निघून जातं. कारण ग्राफ्ट (लावलेली कातडी) मरतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी, खाली रक्त किंवा पाणी साठलं, जंतू झाले, नाहीतर कातडी जागची हलली.

का ते समजून घ्या. ती कातडी लावतो तेव्हा तिला स्वतःचा रक्तपुरवठा शून्य असतो. पहिला दीड दोन दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यावर जगते, स्पंजसारखी शोषून. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यातल्या वाहिन्यांना जोडल्या जायला लागतात आणि पाचव्या सातव्या दिवसापर्यंत रक्त नीट खेळतं. या काळात ती सरकली की ते केसाएवढे धागे तुटतात. म्हणून हात किंवा पाय पट्टीने अगदी जखडून ठेवतो, म्हणून आम्ही ओरडतो हलवू नका म्हणून. नातेवाइकांना वाटतं सिस्टर खडूस आहे. पेशंटचं पाच दिवस हलणं थांबवणं हेच अर्धं ऑपरेशन आहे असं मी मानते.

मोगरा_कऱ्हाड | १२ नोव्हेंबर, दुपारी १:१५

सिस्टर, किती छान सांगितलंत. तो पाचवा दिवस मी विसरणार नाही. ड्रेसिंगवर सलाईन ओतत ओतत एकेक पदर सोडवत होते, अर्धा तास तरी लागला असेल. शेवटचा पदर जाळीदार, चिकट, तो तर एका हाताने खालची कातडी दाबून धरून दुसऱ्याने मिलिमीटर मिलिमीटरने उचलला. मी बघणार नव्हते पण आईने हात धरला होता. खाली फिकट जांभळट गुलाबी जाळी, कडेला स्टेपलर मारलेला. डॉक्टरांनी बोटाने हळूच दाबलं, पांढरं झालं, सोडलं तर परत गुलाबी. म्हणाले, "धरलं." बस, एवढाच शब्द. आई तिथेच रडायला लागली.

दप्तर_जुनं | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

पाच दिवस हलायचं नाही यावरून एक जुनी गोष्ट आठवली आणि ती पुण्याचीच आहे म्हणून लिहितो. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं, सोबत चित्रही. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या जातीच्या एका माणसाने त्याला नवीन नाक बसवलं. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर हे बघायला होते. मेणाचं नाक करायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवून आखायचं, तेवढी कपाळाची कातडी सोडवायची, पण भुवयांमध्ये एक देठ ठेवायचा आणि तशीच फिरवून नाकावर आणायची. सांधा धरायला काय लावत होते माहिताय? कात! आपला विड्यातला कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लावून. चार दिवस तेच, मग तुपात भिजवलेलं कापड. पाच सहा दिवस पेशंटने पाठीवर उताणं पडून राहायचं. आणि साधारण २५व्या दिवशी तो देठ कापायचा.

ते पत्र वाचून कारप्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसं ऑपरेशन करून दाखवलं. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक करायचं वर्णन आहेच, पण पुण्याच्या त्या कारागिराचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही याची मला फार खंत वाटते.

ओटी_सिस्टर | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

दादा, फार सुंदर. फक्त एक भर घालते, पेशंटला यातला फरक कळला पाहिजे. ते ग्राफ्ट नव्हे, फ्लॅप. देठ ठेवला म्हणजे कातडी स्वतःचा रक्तपुरवठा बरोबर घेऊन आली. ग्राफ्ट पूर्ण तुटून येतो आणि खालच्या जमिनीवर जगतो. त्यामुळे जमीन चांगली लागते, लाल दाणेदार मांस. उघडं हाड किंवा शीर (म्हणजे टेंडन हो) असेल तर त्यावर ग्राफ्ट धरत नाही, तिथे फ्लॅपच करावा लागतो. आणि पूर्ण जाडीचा ग्राफ्टही असतो, कानामागची, गळपट्टीच्या हाडाजवळची नाहीतर जांघेतली छोटी कातडी, ती पापणीला, बोटांना, चेहऱ्याला वापरतात. ती नंतर कमी आकसते आणि रंगही जास्त जुळतो. पण जिथून काढली ती जागा टाके घालून बंद करावी लागते म्हणून मोठी घेता येत नाही.

ऊसकरी | १३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आमच्या वडिलांचं भाजल्याचं नाही, शुगरचं. ऊसतोडीला पायात बुडखा घुसला, शुगरमुळे पाय बधिर, कळलंच नाही. चार दिवसांनी पाय टम्म सुजला. तीन वेळा साफ केलं ऑपरेशन थेटरात नेऊन, पायाच्या वरच्या अंगाला शीर दिसत होती पांढरी. आम्ही डॉक्टरच्या मागे लागलो लवकर कातडी लावा म्हणून पण ते तयार होईनात, सिस्टर सांगतायत तेच कारण. मग फोम लावून वरून प्लॅस्टिक आणि मशीनने हवा ओढायची, ते व्हॅक्यूमचं ड्रेसिंग तीन आठवडे. हळूहळू शिरेवर लाल मांस चढलं तेव्हा कुठे ग्राफ्ट केला. वडिलांना तंबाखू बंद करायला लावली, डॉक्टर म्हणाले तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि लावलेली कातडी उपाशी मरते. चाळीस वर्षांची तंबाखू सुटली. शुगर रोज मोजली, रोज दोन अंडी, मटकी, डाळ, भरायला प्रोटीन लागतं म्हणून.

आणि पैशाचं सांगतो, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्याचे उपचार आणि प्लॅस्टिक सर्जरी दोन्ही येतात. रेशनकार्ड घेऊन आधी हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा, आमचं बरंच ओझं त्यात उतरलं.

आर्याची_आई | १४ नोव्हेंबर, रात्री १२:१०

हा धागा वाचून पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी चार वर्षांची आहे, गरम आमटीचं पातेलं अंगावर पडलं, छाती आणि पोट. डॉक्टर म्हणतायत काही भागाला ग्राफ्ट लागेल. तिची मांडी एवढीशी आहे. माझी कातडी तिला लावता येणार नाही का? मी आई आहे, रक्तगटही एकच आहे. मी डॉक्टरना विचारलं ते नुसतं नाही म्हणाले आणि पुढे गेले.

ओटी_सिस्टर | १४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

ताई, आधी एक सांगते, हे प्रत्येक आई विचारते. तुमची कातडी तिच्या अंगावर कायमची राहणार नाही. शरीर परकी कातडी ओळखतं आणि साधारण दोन तीन आठवड्यांत टाकून देतं, आईची असली तरी. फक्त अगदी सारख्या जुळ्यांची एकमेकांना चालते. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांवर काम करताना मेडावर नावाच्या शास्त्रज्ञाने हे शोधलं, १९६० चं नोबेल त्यांना मिळालं आणि त्या कामातूनच पुढे किडनी वगैरे बदलण्याचा रस्ता उघडला.

पण तुमची लेक तिच्या स्वतःच्या कातडीवर बरी होईल. मुलांची भरायची ताकद चांगली असते. डॉक्टरना परत विचारा, वही घेऊन जा, किती टक्के भाजलंय, त्यातलं खोल किती. तिचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे तिच्या अंगाचा साधारण एक टक्का, त्यावरून तुम्हालाही अंदाज येईल. ग्राफ्टचा भाग बहुतेक वेळा एकूण भाजलेल्यापेक्षा लहान असतो. आणि मूल वाढतं तशी ती जागा त्याच वेगाने वाढत नाही, म्हणून पुढची काही वर्षं तपासणी चुकवू नका, कधी कधी नंतर छोटं ऑपरेशन करून सैल करावं लागतं.

अंबाडी | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

आर्याच्या आई, खूप धीर धरा. परकी कातडी टाकून देतं तरी ती वाया जात नाही हे मला सांगायचंय. जास्त भाजलेल्या माणसाला स्वतःची कातडी काढायला जागाच उरत नाही, तेव्हा मृत व्यक्तीची दान केलेली कातडी वरून झाकायला लावतात. पाणी आणि क्षार निघून जायचे थांबतात, जंतू कमी होतात, दुखणं कमी होतं आणि दोन तीन आठवडे मिळतात. तेवढ्यात माणूस सावरतो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलमध्ये २००० साली स्किन बँक सुरू झाली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे.

माझे सासरे गेले तेव्हा आम्ही त्वचादान केलं. सहा तासांच्या आत करावं लागतं. फोन केला, टीम घरी आली, खोलीचं दार लावून घेतलं आणि पाऊण तासात झालं. मांड्या, पाय आणि पाठीवरून तोच पापुद्र्याएवढा थर घेतात, रक्त येत नाही, नंतर पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून देतात. चुलतसासऱ्यांना भीती होती शरीर विद्रूप होईल. धोतर नेसवल्यावर त्यांनीच येऊन चेहऱ्यावरून हात फिरवला, काही बोलले नाहीत पण आक्षेपही घेतला नाही. ती कातडी ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली की पाच वर्षांपर्यंत टिकते आणि रक्तगट जुळवावा लागत नाही, म्हणजे कुणाचीही कुणालाही. एचआयव्ही, कावीळ बी सी, त्वचेचा कॅन्सर असेल तर मात्र घेत नाहीत. नेत्रदान सगळ्यांना माहीत आहे, हे माहीतच नाही लोकांना.

रानजाई | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

अंबाडी, हे खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे आज बोलते सगळ्यांशी. आणि सिस्टर, जाऊबाई विचारतायत मांडीवर कोरफड किंवा केळीचं पान लावलं तर चालेल का, कुणीतरी सांगितलंय केळीचं पान चांगलं.

ओटी_सिस्टर | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

केळीच्या पानाचं खरं आहे पण घरी करू नका. सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनीच त्यावर काम केलंय, २००३ मध्ये त्याचे शोधनिबंध आले. पानाचे तुकडे कापडाच्या पट्टीवर चिकटवून ते ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचे आणि मग जखमेवर ठेवायचे. मांडीच्या जागेवर व्हॅसलिनच्या जाळीशी तुलना केली तर पानाखाली दुखणं कमी आणि काढताना चिकटत नाही. पंगतीत गरम भात वाढला तरी पानाला चिकटत नाही ना, तसंच. गरीब पेशंटसाठी केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण परसातलं पान तोडून धुऊन लावलं तर जंतू होतील. कोरफडही उघड्या जखमेवर नको.

सांधेजोड | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

फिजिओ आहे. मोगराताईंनी लिहिलेलं 'हात पोटाशी दुमडून धरला की बरं वाटायचं' हे वाक्य मला प्रत्येक वॉर्डात लावावंसं वाटतंय. भाजलेल्या माणसाला जी पोझिशन आरामाची वाटते तीच पुढे वाकडं होण्याची पोझिशन असते. कोपर असेल तर सरळ ठेवायचा, मान भाजली तर डोक्याखाली उशी द्यायची नाही, काखेत भाजलं तर हात अंगापासून लांब. आणि ग्राफ्ट धरला म्हणजे संपलं असं नाही, तो पुढचे कित्येक महिने आकसायचा प्रयत्न करत राहतो. रात्री स्प्लिंट (सांधा सरळ धरून ठेवणारा आधार), दिवसा व्यायाम, आणि घट्ट मापाचे प्रेशर गारमेंट दिवसाचे २३ तास, वर्षभर तरी. उन्हाळ्यात लोक काढून टाकतात आणि मग वण वर येतो. मोगराताई, काकूंनी किती दिवस घातलं?

मोगरा_कऱ्हाड | १५ नोव्हेंबर, रात्री १०:००

साडेदहा महिने झाले, अजून घालते. एप्रिल मे मध्ये फार त्रास झाला, खाज तर इतकी की रात्री उठून बसायची. लावलेल्या कातडीला घाम येत नाही, तेलही सुटत नाही, त्यामुळे ती कोरडी पडून तडकते. मग दिवसातून तीन चार वेळा गारमेंट काढून खोबरेल तेलाने गोल गोल चोळायचं, दाबून, डॉक्टरांनी तसं दाखवलं होतं. बाहेर पडताना बाही पूर्ण, नाहीतर ऊन लागून काळं पडतं. कोपर अजून थोडा, बोटभर, कमी सरळ होतो. ते ३६ दिवस आधी नेलं असतं तर तेही राहिलं नसतं. भाकरी मात्र थापते, दोन्ही हातांनी.

चाकण_रूम_नं_४ | १६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

उद्या माझ्या भावाचं ग्राफ्टिंग आहे. बाईक घसरली, नडगीवरची कातडी सोलून निघाली, सगळं साफ करून आता जमीन तयार आहे म्हणाले. घरून मीच एकटा आहे सोबत. काय काय लागेल?

मोगरा_कऱ्हाड | १६ नोव्हेंबर, रात्री ११:३५

दादा, सैल लुंगी किंवा हाफ पँट घेऊन जा, मांडीवर काही घासायला नको. दोन जास्तीच्या उशा. स्ट्रॉ, झोपून पाणी प्यायला. आणि त्याचं लक्ष रमेल असं काहीतरी, पाच दिवस लांब वाटतात.

ओटी_सिस्टर | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

पायाचा ग्राफ्ट आहे, पाय कायम वर, उशीवर. पलंगाखाली लोंबकळत एक मिनिटही सोडायचा नाही, रक्त खाली उतरलं की ग्राफ्टखाली साठतं. संडासला सुद्धा सिस्टरना विचारून. नंतर चालायची परवानगी मिळाली की आधी क्रेप बँडेज बांधायचं, मग पाय खाली. ड्रेसिंगला वास आला, ताप आला किंवा पट्टीतून हिरवट दिसलं तर पाचव्या दिवसाची वाट बघू नका, लगेच सांगा.

चाकण_रूम_नं_४ | २२ नोव्हेंबर, दुपारी ४:५०

आज उघडलं. घोट्याजवळ दोन बोटं जागा काळसर झालीय, डॉक्टर म्हणाले तेवढं ड्रेसिंगने भरेल, बाकी सगळं धरलंय. बोटाने दाबून पाहिलं त्यांनी, पांढरं होऊन परत गुलाबी झालं, मोगराताईंनी लिहिलं होतं तसंच. मांडीच्या पट्टीला कुणाला हात लावू दिला नाही मी. भाऊ विचारतोय खोबरेल तेल कधीपासून लावायचं.

मोगरा_कऱ्हाड | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

सगळं कोरडं होऊ दे, एकही ओली जागा राहायला नको, मग डॉक्टर सांगतील तेव्हा. आईचं महिन्याभराने सुरू झालं होतं. आईला वाचून दाखवलं आत्ता, ती म्हणतेय त्याला सांग तेल आधी तळहातावर चोळून कोमट करून घे, गार तेल लागलं की कातडी आखडते.

आर्याची_आई | २२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आमचा शुक्रवारी आहे. छातीचा भाग भरत आलाय, फक्त पोटावरच्या पट्ट्याला लागणार. वही भरली माझी प्रश्नांनी.